वळलेली चिठ्ठी

प्रयागबाईंच्या हाताला इंदापूरच्या अंगाला मोठा मान होता. तसा तो हात काही देखणा नव्हता. भेंडी तोडून तोडून बोटांची पेरं जाड झालेली, मेथी निसून नखांच्या कडा कायमच्या हिरव्या. पण कुठे चिठ्ठ्या टाकायची वेळ आली की माणसं म्हणायची, "आक्काला बोलवा. आक्कानं उचलली म्हंजी तक्रार न्हाय."

याची सुरुवात झाली कालव्याच्या पाण्यावरून. प्रयागबाई माळेगाव बुद्रुकहून लग्न होऊन इंदापूरजवळच्या वाडीवर आल्या, त्याला महिनाही झाला नव्हता. कालव्यातून रानाकडे येणाऱ्या चारीला पाणी सुटायचं होतं आणि पहिली पाळी कुणाची यावरून बांधावर जोराचं भांडण लागलेलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. मडकं आणलं, चिठ्ठ्याही टाकल्या, पण उचलायची कुणी? पाटलांच्या पोरानं उचलावी तर बाकीचे तयार नाहीत, मास्तरांनी उचलावी तर मास्तर पाटलांच्या वाड्यात भाड्यानं राहणारे. तेवढ्यात डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन ही नवी सून बांधावरून चाललेली दिसली. एक म्हातारा म्हणाला, "हिला उचलू द्या. ही अजून कुणाचीच न्हाय."

प्रयागबाईंनी पदर सावरला आणि मडक्यात हात घातला. पहिलं नाव निघालं ते चारीच्या अगदी टोकाला अर्धा एकर असलेल्या माणसाचं. त्याच्या रानात आजवर पाणी कधी वेळेवर पोचलं नव्हतं.  तो चपला काढून मडक्याच्या पाया पडला.

तेव्हापासून तो हात गावाचा झाला. पण त्याला एक नियम होता. भावाभावांत वाटे पाडतात तेव्हा जो वाटे पाडतो त्यानं सगळ्यात शेवटी उरलेला वाटा घ्यायचा, तसंच हे. ज्याचा हात, त्याला शेवटचं. चिठ्ठी उचलणाऱ्याचं नाव मडक्यात जात नाही. सगळ्यांचं झालं की राहील ते त्याचं. त्यामुळे प्रयागबाईंच्या रानाला वर्षानुवर्षं शेवटचं पाणी मिळालं. सासूबाई म्हणायच्या, "सून न्हाय, चारीचं टोक आणलंय घरात." मालक मात्र हसायचे.

मालकांची तऱ्हाच निराळी होती. भिमराव त्यांचं नाव. कामाला बारामतीला गेले की एसटी स्टँडाबाहेर दोरीला चिमटे लावून तिकिटं टांगलेल्या एका माणसाकडून राज्य लॉटरीचं तिकीट घ्यायचेच. घेताना मागचा आकडा बघायचे, तिकीट कपाळाला लावायचे आणि गणपतीच्या फोटोमागे खोचून ठेवायचे. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी पेपर आणून आकडे ताडायचे, आणि हसत हसत ते तिकीट चुलीत घालायला बायकोकडे द्यायचे. प्रयागबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "एवढी हौस हाय तर माझ्या हातानं का न्हाय घेत तिकीट?" भिमराव म्हणाले, "तुझा हात न्यायाचा हाय. लॉटरीला न्याय चालत न्हाय. सोडत निगेस्तवर आठ दिवस राजा असल्यागत वाटायला पायजे, एवढंच. ते मी पैसे देऊन घेतो." मालक गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. स्टँडावरचा तो माणूसही गेला. पण लॉटरी आणि चिठ्ठी यांतला फरक प्रयागबाईंच्या मनात पक्का बसला तो त्या बोलण्यापासून. लॉटरीला माणूस आपल्या एकट्यासाठी जातो. चिठ्ठी टाकायला सगळे एकत्र बसावे लागतात.

आणि बसायचे. हीच तर त्यांना आवडायची गोष्ट. चाळीस एकरवाला आणि अर्धा एकरवाला एकाच सतरंजीवर, एकाच मडक्याकडे तोंड करून गप्प बसलेले. एरवी देवळातही मोठा माणूस पुढे बसायचा. मडक्यापुढे मागचं-पुढचं काही नसायचं. आत गेल्यावर सगळे कागद सारखे.

पुढे जग बदललं. सरपंचपदाच्या आरक्षणाच्या चिठ्ठ्या तहसीलला निघायला लागल्या, शाळेतल्या प्रवेशाची लॉटरी पुण्याहून लागायला लागली. नातवाला, सार्थकला, सरकारी योजनेतून ठिबकची लॉटरी लागली तेव्हा त्यानं मोबाइल नाचवत आजीला मेसेज दाखवला. प्रयागबाईंनी विचारलं, "चिठ्ठी उचलली कुणी?"

"कम्प्युटरनं, आज्जी."

"मग त्याला शेवटचं काय मिळालं?"

सार्थकला हसू आवरेना. प्रयागबाईंनी मात्र मनापासून विचारलं होतं.

आता त्या पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्या होत्या, तरी इंदापूरचा आठवडे बाजार त्यांनी सोडला नव्हता. रानातलं माळवं, मेथी-भेंडी, सार्थक भल्या पहाटे टेम्पोतून आणून टाकायचा आणि प्रयागबाई बारदान अंथरून बसायच्या. त्यांच्या डाव्या हाताला सारजा. सारजा मूळची डाळजची, पण दिली होती शेजारच्याच वाडीवर. बाजारात या दोघी शेजारी शेजारी बसायला लागल्या तेव्हा सारजाचा मुलगा विजयसिंह बारदानावर झोपायचा. आता तो बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात होता आणि त्याच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरत होतं.

सारजाला गेली काही वर्षं ऐकू येत नव्हतं. अगदी कानाशी ओरडलं तर थोडं, नाहीतर काहीच नाही. विजयसिंहनं यंत्र आणून दिलं होतं. ते घातलं की कानात भिंगरी फिरते, असं म्हणून तिनं ते तपकिरीच्या डबीत ठेवून दिलं. मुलगा म्हणायचा, "आई, ऐकू येत न्हाय तर बाजार कशाला? कुणी फसवंल. बारामतीला चल, आरामात बस." आरामात म्हणजे दोन खोल्यांत, आवाज बंद असल्यासारख्या टीव्हीसमोर. सारजाला ते नको होतं. ती मुलाला ठणकावून सांगायची, "मला समदं ऐकू येतं. तूच हळू बोलतोस."

आणि बाजारात खरंच सगळं चालायचं, कारण शेजारी प्रयागबाई होत्या. गिऱ्हाईक सारजाला विचारायचं, "मावशी, कोथमीर कशी दिली?" की प्रयागबाई सारजाकडे तोंड करून, जणू त्यांनाच चौकशी आहे अशा सुरात म्हणायच्या, "कोथमीर कशी दिली म्हंतायत गं?" सारजा त्यांचे ओठ वाचायची आणि गिऱ्हाइकाला भाव सांगायची. घासाघीसही अशीच, दोघींच्या तोंडावरून फिरून व्हायची. हे इतकं सफाईनं चालायचं की आपली युक्ती कुणाच्या ध्यानात येत नाही अशी दोघींची खात्री होती.

अशात बाजारात नवी शेड झाली. वर पत्रा, खाली सिमेंटचे ओटे, ओट्यांवर काळी फरशी आणि प्रत्येक ओट्यावर रंगानं लिहिलेला नंबर. एक नंबर फाटकाशी, आणि मग आत आत जात छत्तीस नंबर थेट मागच्या भिंतीला, जिथे दुपारनंतर क्वचितच कुणी फिरकायचं. पुढच्या ओट्यांवर सगळ्यांचा डोळा. मग ठरलं की चिठ्ठ्या टाकायच्या.

नगरपालिकेकडून ऋषिराज नावाचा तरुण कारकून आला होता. तो त्याला 'सोडत' म्हणायचा, मिरचीवाला गोकुळ 'लॉटरी' म्हणायचा आणि बाकी सगळे 'चिठ्ठ्या'. ऋषिराजनं कोरे कागद वाटले, लिहिता न येणाऱ्यांची नावं स्वतः लिहून दिली आणि सांगितलं, "आपली चिठ्ठी आपण स्वतः दुमडायची आणि स्वतः कळशीत टाकायची. म्हणजे उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको."

"अन् उचलायची?" लसूणवाल्या हिंदुरावांनी विचारलं. हिंदुराव म्हणजे बाजारातले वकील. कोर्टाची पायरी चढले नव्हते, पण कायद्याशिवाय बोलत नसत.

"उचलायला आक्का," चारपाच जण एकदम म्हणाले.

प्रयागबाई उठल्या. चहावाल्याची घासून लख्ख केलेली कळशी मधोमध ठेवलेली. कळशीचं तोंड अरुंद, हात आत गेला की काही दिसायचं नाही. कळशीजवळ बसता बसता त्यांच्या लक्षात आलं ते दुसऱ्या कुणाच्या गावीही नव्हतं. ऋषिराज एक नंबरपासून पुकारणार. ज्याचा हात, त्याला शेवटचं. म्हणजे आपला ओटा आजच ठरला, छत्तीस नंबर. आणि शेजारी एकच ओटा, पस्तीस. पलीकडे भिंत. सारजाचं नाव पस्तीसला निघालं तरच ती शेजारी राहील. आधी निघालं तर सारजा कुठेतरी पुढे, एकटी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत. एक-दोन बाजारांत बोभाटा होईल, विजयसिंहच्या कानावर जाईल, आणि तो तिला न्यायला मोटारसायकल घेऊन येईल.

सारजाला हे सांगायला हवं होतं. पण सारजाला गुपित सांगायचं म्हणजे साऱ्या बाजाराला सांगण्यासारखं. ती समोर पाय पसरून बसली होती आणि तपकीर ओढत होती.

"ओटा नंबर एक," ऋषिराजनं पुकारलं.

प्रयागबाईंनी हात घातला. बोटांना कागद लागले. चौकोनी, कुणाचे दोन घड्या घातलेले, कुणाचे चार. आणि मधेच एक निराळा लागला. घडी नव्हतीच. बारीक, घट्ट वळलेला, दोन्ही टोकांना निमुळता.

वातीसारखा तो कागद कुणाच्या हातचा हे प्रयागबाईंना सांगायला नको होतं. गिऱ्हाईक नसलं की सारजा मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायची. तिच्या हाताला दुमडणं ठाऊकच नव्हतं. पानाचा कागद असो, एसटीचं तिकीट असो, हातात आलं की वळलं जायचं.

बोटं तिथून सरकली. शेजारचा कागद वर आला. "हिंदुराव," ऋषिराजनं वाचलं आणि हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला.

पहिल्यांदा बोटंच सरकली, आपण सरकवली नाहीत, असं प्रयागबाईंनी स्वतःला सांगितलं. दोन नंबरला ती वात पुन्हा बोटाला लागली. या वेळी मात्र त्यांनी ती ओळखून बाजूला केली आणि तळातला कागद घेतला. तीन नंबरलाही तेच. तीन नंबर निघाला रतनला. रतन मेथी-पालक विकायची, नवऱ्यामागे दोन पोरं वाढवत होती. नाव ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. माणसं म्हणाली, "आक्काचा हात बघा, बरोबर गरजेला गेला."

प्रयागबाईंचा हात कळशीच्या तोंडाशीच थांबला. तीन नंबर कदाचित सारजाचा होता. आत हात घातल्यावर पहिली लागली होती ती वातच. आपण सारजाला पुढच्या ओट्यावरून उचलून मागच्या भिंतीशी नेऊन बसवतो आहोत, आणि तिला विचारलंही नाही. शिवाय रतन आता त्या हाताला हात जोडते आहे. आजवर माणसं मडक्यापुढे गप्प बसली ती आत सगळे कागद सारखे असतात म्हणून. आज कळशीत एक कागद निराळा होता आणि ते एकट्या त्यांनाच माहीत होतं.

"ओटा नंबर चार," ऋषिराज म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "आजी, चार."

प्रयागबाईंनी हात बाहेर काढला. रिकामा.

"साहेब, दुसरं कुणी उचला. माझ्या बोटाला एक चिठ्ठी वळखू येतीय. मी दोनदा ती चुकवून दुसरी उचललीय. तिनदा म्हना."

 बाहेर एक टेम्पो मागे येत होता, त्याचा टींटीं आवाज तेवढा येत राहिला. हिंदुरावांनाच आधी वाचा फुटली. "म्हंजी काय? मग माझा एक नंबर?"

"तुमचाबी गेला, हिंदुराव," गोकुळ म्हणाला. "तीन चिठ्ठ्या निगाल्या, तिनीबी फेल."

"असं कसं? नाव पुकारलंय. साक्षीदार हायत."

"साक्षीदारांनी हेबी ऐकलंय की आता."

"आक्का, कुणाची चिठ्ठी व्हती ती?" मागून कुणीतरी विचारलं.

प्रयागबाई खाली बघत राहिल्या. "ते मी सांगायची न्हाय."

"सांगताय कशाला," गोकुळ म्हणाला, "सारजामावशीची आसंल. दुसऱ्या कुणासाठी तुमी हात वाकडा करनार?"

प्रयागबाईंनी मान वर केली. "तिला यातलं काय ठाव न्हाय. तिच्यावर बोल लावू नका. तिला फकस्त जरा..." आणि त्या थांबल्या.

"ऐकू येत न्हाय," रतननं वाक्य पुरं केलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? समद्या बाजाराला ठाव हाय, आक्का. आमी मावशीला भाव इचारतो अन् बघतो तुमच्या तोंडाकडं. मागं तुमी मोतीबिंदूला दवाखान्यात व्हता ना, तवा मी बसत व्हते की तुमच्या जागंवर."

 एवढी वर्षं त्या दोघी जे लपवत होत्या ते सगळ्यांनी मिळून लपवलं होतं, त्यांच्यापासूनसुद्धा. समोर सारजा तपकिरीची डबी बंद करत होती. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिनं विचारलं, "निगालं का माझं?"

गोकुळनं हातानं खूण केली, थांबा अजून. सारजा मागे खांबाला टेकली आणि डोळे मिटून डुलकी घ्यायला लागली.

हिंदुरावांनी आणखी दोन-तीन कलमं काढून पाहिली, पण बहुतेकांचे नंबर निघायचेच होते, त्यांना नव्यानं सोडत हवीच होती. ऋषिराजनं सगळ्या चिठ्ठ्या ओतल्या, निघालेल्या तीनही त्यांत मिसळल्या, ती वात उलगडली आणि सगळ्या कागदांच्या एकसारख्या चार घड्या घातल्या. मग म्हणाला, "आणि आता आजी उचलणार नाहीत, तर त्यांचं नाव आत जायला हवं." त्यानं एक कोरा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, प्रयागबाई भिमराव.

प्रयागबाई बघत राहिल्या. सगळ्या जन्मात त्यांचं नाव कधी मडक्यात गेलं नव्हतं.

उचलायला ऋषिराजच बसला. हिंदुरावांनी त्याला बाही वर करायला लावली, अंगठी काढायला लावली आणि तोंड भिंतीकडे करायला लावलं. "साहेब, तुमच्यावर इस्वास हाय," ते म्हणाले, "पर माझा एक नंबर एकदा गेलाय."

नावं निघत गेली. प्रयागबाई आता बाकीच्यांसारख्या सतरंजीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या ध्यानात आलं की हे उचलण्यापेक्षा अवघड आहे. उचलणाऱ्याला काही मागायचं नसतं. इथे बसलेला प्रत्येक जण काहीतरी मागत होता. रतनचे ओठ हलत होते. त्या स्वतः मनात म्हणत होत्या, कुठंबी दे, पर शेजारी दे.

"ओटा नंबर सहा. प्रयागबाई भिमराव."

आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "बगा, एवढ्या वर्साचं देवानं एकदम दिलं." सात नंबर गोकुळला गेला. रतनला अकरा मिळाला, तीनपेक्षा मागे, पण ती बिचारी त्यावरही खूश दिसली. सारजाचं नाव निघालं एकतीसला. बत्तीसला हिंदुराव. त्यांनी त्यानंतर कुणाशी बोलणंच सोडलं.

चिठ्ठ्या संपल्या तशी माणसं आपापले ओटे बघायला पांगली. प्रयागबाईही सहा नंबरवर जाऊन बसल्या. फरशी थंडगार होती. पाठीला खांब होता, टेकायला बरा. समोर फाटक, आणि फाटकातून आत येणारा माणूस पहिल्यांदा जिथे नजर टाकेल ती नेमकी ही जागा. दहा वाजायच्या आत सगळं माळवं उठेल. दुपारच्या एसटीनं घरी जाता येईल. मालक असते तर म्हणाले असते, घे, आठ दिवस राजा हो. त्यांना वाटलं, थोडा वेळ बसावं. फक्त थोडा वेळ. आपल्या नावाच्या जागेवर बसायला कसं वाटतं ते कळायला इतकी वर्षं लागली.

तेवढ्यात सारजा आली. तिला पुकारलेलं काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि गडबडीत कुणी सांगितलंही नव्हतं. प्रयागबाई कुठे बसल्या ते तिनं पाहिलं, त्यांच्या डाव्या हाताला पाटी उतरवली, सात नंबरवर बारदान अंथरलं आणि कोथिंबिरीच्या जुड्या मांडायला घेतल्या.

मागून गोकुळ मिरचीचं पोतं खांद्यावर घेऊन आला. बघून थबकला. मग सारजाच्या कानाशी वाकून म्हणाला, "मावशी, ह्यो माझा ओटा हाय."

"दहाला," सारजा म्हणाली.

"न्हाय, मावशी. सात नंबर. माझं नाव निगालंय."

"दहालाच. ताजी हाय. सकाळचीच हाय."

बघणाऱ्या बायका हसायला लागल्या. गोकुळही हसला. त्यानं पोतं खाली ठेवलं, डोकं खाजवलं आणि प्रयागबाईंना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आक्का, बसू द्या तिला. मी जातो मागं एकतीसला. मिरचीवाल्याला गिऱ्हाईक हुडकत येतंच."

तो मनापासून म्हणत होता. प्रयागबाईंनी नुसती मान हलवायचा अवकाश होता. सहा नंबर राहिला असता, सारजा राहिली असती, आणि गोकुळच्या डोळ्यांत तक्रारही दिसली नसती. पण त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं केवढी उडी मारली होती तेही त्यांनी पाहिलं होतं.

"न्हाय बाबा," त्या म्हणाल्या. "तुझं निगालंय, तितं तू बस. मगाशी मी दुसऱ्याच्या वाटणीला हात घातला, तेवढं पुरे झालं. द्यायचं तर माणसानं सोताचं द्यावं."

त्या खाली उतरल्या. साऱ्या शेडची लांबी चालत, खांबाखांबाला हात लावत मागे गेल्या. बत्तीस नंबरवर हिंदुराव लसणाच्या पोत्याला टेकून, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"हिंदुराव, सहा नंबर घेता का? मला तुमचा द्या."

हिंदुरावांनी वळून आधी त्यांच्याकडे, मग लांब फाटकाकडे पाहिलं. "काय खोट हाय त्या ओट्यात? वरनं गळतोय?"

"न्हाय गळत."

"कुत्री बसत्यात?"

"न्हाय बसत."

"मग तुमी का सोडताय? आक्का, नाव निगालंय तुमचं. जन्मात पयल्यांदा निगालंय. लोक असल्या नंबरासाठी नवस करत्यात."

"व्हय की. निगालं ते बगितलं. बसूनबी आले. चांगला हाय ओटा."

हिंदुरावांनी शेजारच्या रिकाम्या एकतीस नंबरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सारजासाठी?"

"ती एकतीसला हाय. शेजारी नगं का कुणी?"

"मी व्हतो की शेजारी," हिंदुराव पुटपुटले. "मलाबी भाव सांगता आला असता." पण ते उठले. ऋषिराजला हाक मारली. दोघांच्या मर्जीनं एकदा अदलाबदल चालते हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, त्याला कागदावर दोघांचे अंगठे घ्यायला लावले, आणि मगच पोतं उचललं. जाता जाता लसणाचे चार गड्डे बत्तीस नंबरच्या फरशीवर ठेवले. विचारलं असतं तर राहून गेले म्हणाले असते.

सारजाला मागे आणणं एवढं सोपं नव्हतं. प्रयागबाईंनी तिच्या जुड्या भराभरा पाटीत भरायला घेतल्या तेव्हा ती चिडली. "अगं काय करतीस? आत्ता तर मांडल्या." प्रयागबाईंनी बोटानं मागे दाखवलं. रतननं दुसरी पाटी उचलली. सारजा बडबडत निघाली. पुढची जागा सोडून मागं कशाला, डोकं फिरलंय का, गुडघं दुखत्यात माझं. अकरा नंबरपर्यंत बडबडली, एकविसाशी दम घेतला, आणि एकतीसला पोचेपर्यंत दमून गप्प झाली.

दोघी शेजारी बसल्या. मागच्या भिंतीला झरोके होते, त्यातून वारा येत होता. पुढे फाटकाशी हिंदुरावांच्या ओट्यापुढे आताच दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि ते लांबूनही ऐकू येईल अशा आवाजात लसणाची जात समजावून सांगत होते. इथे मागे अजून कुणी नव्हतं. सारजानं इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर रंगवलेल्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग तिला काहीतरी उमगल्यासारखं झालं.

"चिठ्ठीत हे आलं व्हय आपल्याला?"

प्रयागबाईंनी मान हलवली.

सारजानं सुस्कारा टाकला. लुगड्याच्या ओच्यातून कापूस काढला, मांडीवर घेतला आणि मैत्रिणीचा हिरव्या नखांचा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, जुनी भाजी बघावी तसा.

"आक्के, वाईट वाटून घेऊ नगंस," ती म्हणाली. "पर तुझा हात आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाय बग."

"न्हाय ऱ्हायला," प्रयागबाई म्हणाल्या. सारजाला ओठ नीट दिसावेत म्हणून त्यांनी तोंड तिच्याकडे वळवलं होतं, पण हसू येत असल्यानं ते वाचणं तिला जरा जडच गेलं असावं.

खांबांमधून एक बाई पिशवी हलवत मागे येत होती. ती कोथिंबिरीपुढे थांबली.

"मावशी, कशी दिली जुडी?" तिनं सारजाला विचारलं आणि प्रयागबाईंकडे पाहिलं.